बहिऱ्या घरात पाच स्पीकर

मुंबईहून आलेल्या खोक्यातून एक छोटा कॉम्प्युटर निघाला, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, आणि त्याच्यासोबत पाच स्पीकर. शिवाय एक ठोकळा होता, तो म्हणे नुसता घुमण्यासाठी. हे सगळं टीव्हीला जोडून घरात थिएटर करायचं, अशी माझ्या धाकट्या भावाची इच्छा. भाऊ बोटीवर इंजिनखान्यात नोकरीला. पैसे त्याचे, अक्कल मुंबईच्या मामेभावाची. आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती आमची आई ठार बहिरी. धाकटा पाळण्यात असताना तापात तिचे कान गेले. त्याचं बोलणं असं तिने कधी ऐकलेलंच नाही.

मामेभावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याची सख्खी आत्या. पण दुकानदाराच्या संचात स्पीकर होते, म्हणून त्याने स्पीकर घेतले. कॉम्प्युटर जाणणाऱ्या लोकांची विचार करायची रीत ही अशी.

आई ओठ वाचायची. आमच्या घरात तिच्याशी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलायची सवय सगळ्यांना. त्यामुळे तिचे डोळे हेच तिचे कान, आणि तेच जायला लागले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, डावाही धुरकट. कणकवलीच्या डॉक्टरांनी थांबू नका म्हणून बजावलं होतं. आईचं एकच, "धाकटो येंवदे, मगे बगूया."

धाकटा कधी येणार? फोनवर विचारलं की म्हणायचा, "लवकरच." मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायचो. कुठल्या होडीने किती लाद्या उचलल्या हे मला विचारा, सांगेन. 'लवकरच' हा आकडा नाही. मी तोच शब्द आईला सांगितला तर ती म्हणाली, "लवकर म्हणजे किती रे? तू मधी साखर घालतस. माका तेच्या तोंडान सांगांदे."

म्हणून भावाने बोटीवर छोट्या कॅमेऱ्यात स्वतःचं बोलणं घेतलं आणि सुट्टीवर येणाऱ्या शिरोड्याच्या एका सोबत्याकडून डिस्क पाठवली. मी ती लावली. आई टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल घेऊन बसली.

चित्र अडखळत होतं. भाऊ तोंड उघडायचा, तसाच थांबायचा, मग एकदम मान वळलेली दिसायची.

"हो सुंगटासारखो उड्या कित्याक मारता?" आई म्हणाली. ताजी कोळंबी टोपलीत उडते तशी, हे तिचं म्हणणं अगदी अचूक होतं.

तो कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो. त्यातली किती पडद्यावर पोचतात हे दाखवणारी एक ओळ व्हिडिओ लावायच्या प्रोग्रॅममध्ये असते, ती मी शोधून काढली. अकरा. मध्येच नऊ. एकदा चार. कान असलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही, कारण आवाज चालूच राहतो आणि त्याच्या आधारावर तो चित्र जमवून घेतो. आईला आधार कसला? 'येतलंय' आणि 'येवचंय नाय', म्हणजे येईन आणि येणार नाही, यांच्यातला फरक ओठांवर थोड्याच चित्रांचा असतो, आणि नेमकी तीच गळत होती.

मामेभावाला फोन केला.

"दादा, आवाज कसा येतोय?"

"आवाज उत्तम."

"मग अडचण काय?"

"आईला ऐकू येत नाही."

"ते झालंच रे. पण आवाज उत्तम आहे ना?"

मग त्याने कसले तरी तीन प्रोग्रॅम घालायला सांगितले. मी घातले. एका चुलीवर तीन सुना असाव्यात तशी त्यांची जुंपली आणि अकराचे आठ झाले. हा आकडा कळवला तेव्हा तो म्हणाला, "तू आकडे बघूच नकोस. पिक्चर एन्जॉय कर." डिस्कच्या शेवटी थोडा वेळ नुसती इंजिनाची घरघर आहे, असं मी सहज सांगितलं होतं. "ते काप," तो म्हणाला, "फाइल हलकी होईल." मी कापलं नाही. बिनकामाचं असलं तरी ते आईच्या नावावर आलेलं होतं.

मग तो डबा पिशवीत घालून एसटीने कणकवलीला नेला. दुकानदाराने झाकणही उघडलं नाही.

"साहेब, नवीन कार्ड टाका, मेमरी वाढवा. मग बघा."

"तीसपैकी किती चित्रं पोचतील?"

"एकदम स्मूथ होणार."

"स्मूथ म्हणजे किती?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या बायकोचं वय विचारलं. मी डबा पुन्हा पिशवीत घातला. आकडा न सांगता पैसे मागणाऱ्याकडून मी मासळीसुद्धा घेत नाही.

घरी येऊन त्या यंत्राच्या सेटिंगचं एकेक पान उघडून वाचत बसलो. त्या तीन सुना आधी हाकलल्या. डिस्कच्या पानावर कारण सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की त्या दोघा विद्वानांची कीव आली. डिस्कवरचा माल उचलायच्या दोन रीती असतात. एकीत बागेला पाणी पाटाने जातं, तसा माल आपोआप वाहतो. दुसरीत कॉम्प्युटरचा मेंदू स्वतः एकेक कळशी वाहून नेतो, मग चित्रं काढायला त्याला सवड राहत नाही. आमच्याकडे वीज सारखी जायची. डिस्क वाचताना काही वेळा चूक झाली की हे यंत्र घाबरून कळशीवर येतं, आणि पुढे वीज नीट असली तरी पाटावर परत जात नाही. असली माणसं कचेऱ्यांत पुष्कळ बघितली होती. त्या चुकांची नोंद पुसून यंत्र बंद करून चालू केलं. भावाची फाइल कॉम्प्युटरमध्ये उतरवून लावली. तीस. न हलता तीस. खर्च शून्य.

आईला बोलावलं. भाऊ पडद्यावर आला, केस विंचरलेले, सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावलेली. "आई, मी इथे खुशाल आहे. आपण सर्वांनी प्रकृतीची काळजी घ्यावी. मी लवकरच येईन."

आई पुढे वाकली, मग मागे झाली.

"हो कोणाकडे बोलता? हेच्या फुड्यात मामलेदार बसलो आसा काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅमेरा बघितल्यावर हा शहाणा कचेरीत गेल्यासारखा शुद्ध बोलायला लागला होता. आई ओठ वाचायला शिकली ती घरच्या मालवणीवर. बँकेतला साहेब, डॉक्टर, मास्तर, यांच्या ओठांवरची भाषा तिला कधी वाचता आली नाही. आठ चित्रं काय आणि तीस काय, जन्मदात्या आईशी तो परक्या तोंडाने बोलत होता.

मी तोंड हलवून मालवणीत सांगितलं, लवकर येतलो म्हणता.

"परत लवकर," ती म्हणाली आणि उठायला लागली.

पडद्यावर भावाने कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. बटण नीट दाबलं गेलं नसावं. तो बाजूला वळला आणि कुणाशी तरी बोलू लागला. मागे इंजिनाची घरघर. आई उभ्याउभ्याच थांबली.

"परत लाव."

लावलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी, ओठ त्याचे आणि आवाज आईचा, असं ती बोलत गेली.

"'कंपनीक सांगान टाकलंय, आणखी सा म्हयने रवतंय. आता आवशीक कसा सांगू?'"

आणखी सहा महिने राहतो असं हा कंपनीला सांगून बसला आणि आईला कसं सांगू म्हणून कुणाला तरी विचारतोय, हे मला खरं वाटेना. मी पाचही स्पीकरचा आणि त्या घुमणाऱ्या ठोकळ्याचा आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. कपाटाच्या काचा थरथरल्या. इंजिनाशिवाय अक्षर ऐकू आलं नाही. आई माझ्याकडे बघत होती.

"तुका कान आसत ना? मगे सांग काय बोललो ता."

मी ठोकळा बंद केला.

ती परत स्टुलावर बसली. रडली वगैरे नाही. "मामलेदाराच्या फुड्यात खोटा बोललो," ती म्हणाली, "पाठ फिरल्यार खरा." मग डावा डोळा पदराने पुसून तिने पडद्याकडे बघितलं. तिथे भावाचं अर्धं तोंड थांबलेलं होतं. "सा म्हयने थांबलंय तर तेचा बोलणा माका बगूक मेळाचा नाय. फाल्या कणकवलेक जावया."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आजी, धाकटा मुलगा येणार होता ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आवाज न काढता तेच मालवणीत विचारलं. तिने डॉक्टरांकडे तोंड करून खणखणीत उत्तर दिलं.

"सा म्हयन्यांनी येतलो."

डॉक्टरांनी ऑपरेशनची पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली.