हातात धरलेल्या सायकली

पुलाच्या अलीकडच्या टोकाला, दिव्याच्या पहिल्या खांबाशी ती घडीची खुर्ची उघडून बसायची. सकाळी सात ते अकरा. दोन्ही हातांत एकेक मोजणीयंत्र, मुठीत मावेल एवढं. उजव्या अंगठ्याखाली सायकलस्वार, डाव्या अंगठ्याखाली पादचारी. मोटारी आणि ट्रक मोजायला रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकलेली असे. नळी चुकत नाही आणि तिला चहाही पाजावा लागत नाही, असं ती म्हणायची.

नगरपालिकेच्या वाहतूक विभागात बावीस वर्षं तिने हेच केलं. ऑफिसात तिला टिकटिकबाई म्हणायचे, आधी पाठीमागे, मग तोंडावर. मोजता मोजता लग्नाचं राहूनच गेलं, असं ती हसत सांगायची. पुलापलीकडे धाकट्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्यावरच्या खोलीत ती राहायची. जिन्याला सतरा पायऱ्या. त्या तिला मोजायच्या नव्हत्या, पण अंगठा थांबला तरी डोकं थांबत नसे.

त्या आठवड्यात तीन दिवसांची मोजणी होती. पुलावर सायकलींसाठी वेगळी पट्टी करायची की नाही, ते या आकड्यांवर ठरणार होतं. चार तासांत दोनशे सायकलस्वार दिसले तर निधी, नाहीतर पुन्हा पाच वर्षं नाव काढायचं नाही. पहिल्या दिवशी उजवीकडे अकरा झाले, डावीकडे सहाशे चौदा.

संध्याकाळी भाऊ एका चाकाचा बाक काढत होता. चाक फिरवायचं, वाकडं कुठे जातं ते बघायचं, तार आवळायची. वर न बघताच त्याने विचारलं, "किती?"

"अकरा."

"अकरा! आणि माझ्या दुकानात रोज वीस सायकली येतात त्या काय आभाळातून पडतात?"

"मी दिसेल ते मोजते."

"अगं ताई, मग दाब ना थोडं जास्त. अंगठाच तर आहे. तुझ्यावर काय नजर ठेवलीय कुणी?"

"खोटं बटण माझ्याच्यानं दाबवत नाही."

"माहितीय. मागच्या खेपेलाही दाबवलं नव्हतं."

हे तो बोलून गेला आणि चाक उगाचच फिरत राहिलं. मागच्या खेपेला, पाच वर्षांपूर्वी, याच पुलावर तिनेच चौदा लिहिले होते आणि पट्टीचा निधी तळ्याकाठच्या रस्त्याला गेला होता. त्यानंतर दोन वर्षांनी भावाच्या मुलीला याच पुलावर ट्रकच्या आरशाचा फटका बसला. भाची बेकरीत कामाला होती. तिचा डावा हात अजून कोपरात सरळ होत नाही. ट्रे उचलताना ती तो अंगाशी धरते. याबद्दल घरात कुणी आत्याला कधी एक शब्द बोललं नव्हतं. न बोललेलं ते जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीसारखं रोज असायचं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी सायकल घेऊन निघाली. पुलावर पोचली आणि उतरली. कुणीही उतरायचंच. सहाव्या खांबापाशी पूल अरुंद होतो, ट्रक कठड्याला घासून जातात, म्हणून जवळजवळ सगळे सुरुवातीलाच उतरून सायकल हातात धरून फुटपाथने चालत. तिने पूल ओलांडला, सायकल खांबाला टेकवली आणि यंत्रं काढली. यंत्र चालतं का ते बघायला पहिला आकडा नेहमी स्वतःचा, ही तिची जुनी सवय. एका हाताने सायकलचं हँडल धरून तिने दुसऱ्याने बटण दाबलं.

डावं.

ती तशीच उभी राहिली. नियम तिला पाठ होता, नवीन माणसांना तीच शिकवायची: सायकलवर बसलेला तो सायकलस्वार, पाय जमिनीवर असलेला तो पादचारी. नियम चौकासाठी ठीक होता. समोर पुलावरून माणसं येत होती. गणवेशातली नर्स, डबा लावलेला गवंडी, चष्म्याचा मास्तर, आणि मागून कोपर अंगाशी धरलेली भाची. प्रत्येकाच्या बाजूला एक सायकल, मुकाट जनावरासारखी चालत होती. ती बावीस वर्षं त्यांचे पाय मोजत आली होती. ज्या रस्त्याची भीती जास्त, तिथेच तिच्या कागदावर सायकली कमी.

"आत्या, बरं नाही का वाटत?" भाचीने विचारलं.

"बरंय. तू हो पुढे, उशीर होईल."

त्या संध्याकाळी तिने भावाकडे मागितलं, "मला छर्रे दे. चाकाच्या आसात घालतोस ते. भरपूर दे. आणि एक रिकामा डबा."

"आता या वयात गोट्या खेळणार?"

"दोन हातांना दोन यंत्रं झाली. तिसऱ्या माणसांना हातच उरला नाही."

तो आधी हसला. मग तिने समजावून सांगितलं तसा पान्हा खाली ठेवून ऐकत राहिला. जुने, झिजलेले सगळे छर्रे त्याने रॉकेलमध्ये धुतले, फडक्याने पुसले आणि पिशवीत भरून दिले.

तिसऱ्या दिवशी सायकल हातात धरून कुणी आलं की ती डावं बटण नियमाप्रमाणे दाबायची आणि मांडीवरच्या पिशवीतून एक छर्रा पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकायची. टण्. गवंड्याने विचारलं, "टिकटिकबाई, आज टणटण?" ती म्हणाली, "तुमचाच आवाज आहे."

अकराला ती डबा घेऊन थेट ऑफिसात, विभागाच्या इंजिनिअरसमोर उभी राहिली. तो तरुण होता, शांत, टेबलावर पेन्सिली टोकं एका बाजूला करून ठेवणारा.

"उजवे नऊ," ती म्हणाली. "आणि हे तीनशे अडुसष्ट."

"हे काय आहे, मावशी?"

"उतरलेले सायकलस्वार. मोजून बघा हवं तर."

त्याने डब्यात डोकावून पाहिलं. "मला पटतंय तुमचं. पण तक्त्यात याला रकाना नाही. हा आकडा वर पाठवला तर तिथले म्हणतील, सायकल चालवतच नाहीत तर पट्टी कशाला?"

"साहेब, मी आजवर तुम्हाला काही मागितलं नाही. उद्या सकाळी या. माझी सायकल देते, पूल ओलांडून दाखवा. बसून ओलांडलात तर डबा मी परत नेईन."

तो हसला, पण आला. शर्ट खोचून, पँटला खाली क्लिप लावून. ती खांबाशी उभी. मोजणीचा दिवस नव्हता, तरी खुर्ची आणि तक्ता आणला होता, यंत्रं हातात होती. तो ऐटीत निघाला. दुसरा खांब, तिसरा, चौथा. पाचव्याला मागून ट्रकचा हॉर्न वाजला. सायकल डगमगली, एक पाय टेकला, मग दुसरा. ट्रक गेला त्याच्या वाऱ्याने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. तो फुटपाथवर चढला आणि सायकल हातात धरून चालत परत आला.

तिने त्याला दिसेल असं डावं बटण दाबलं.

"साहेब, तुम्ही पादचारी."

त्याने सायकल खांबाला टेकवली. मग खिशातून पेन्सिल काढली, तिचा तक्ता खुर्चीवर ठेवला, घडीच्या कागदाची कड पट्टीसारखी धरून तिसरा रकाना आखला. वर लिहिलं: सायकल हातात धरून. "आकडा तुमच्या अक्षरात घाला," तो म्हणाला. "आणि तो डबा माझ्याकडेच राहू द्या. बैठकीत लागेल."

बैठका चार झाल्या. पट्टी झाली ती एकाच बाजूला आणि हवी होती त्याहून हातभर अरुंद. पण पट्टीच्या कडेने खुंट्या उभ्या राहिल्या आणि ट्रक पलीकडे सरकले.

पट्टी उघडली त्या सकाळी ती पुलाशी आली आणि नेहमीसारखी उतरली. सायकल हातात धरून पट्टीतूनच चालू लागली. सहाव्या खांबाशी मागून घंटी वाजली, एकदा, दोनदा, मग सलग.

"आत्या, चालायचं असेल तर फुटपाथवर चाल ना! मला बेकरीला उशीर होतोय."

तिने वळून बघितलं. भाची सीटवर बसलेली होती, एक हात हँडलवर, दुसरा घंटीवर, कोपर थोडं वाकलेलं. मागे आणखी चार-पाच जण खोळंबले होते.

"अगं थांब, चढते की," ती म्हणाली, आणि चढली.