धाकट्या पातीचं घड्याळ

माझी हेमामावशी जन्माने धाकटी होती आणि त्याचा तिला मनस्वी राग होता. माझ्या आईचे, म्हणजे थोरल्या भानुमतीचे फ्रॉक, दप्तर, चपला, सगळं आधी आईच्या अंगावर झिजायचं आणि मग हिच्याकडे यायचं. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, लष्करी कारखान्यात फिटर होते. रांझीच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुसरं होणार तरी काय? पण मावशी काही गरीब गाय नव्हती. "मी काय कोनाडा आहो, उरलंसुरलं ठेवायले?" असं तिने अण्णांना तोंडावर विचारलेलं.

आईच्या लग्नात अण्णांनी जावयाला, म्हणजे माझ्या बाबांना, स्वित्झर्लंडच्या एका फार नामांकित कंपनीचं घड्याळ दिलं. विकत घेतलेलं नव्हे हो! एक गोरा साहेब मायदेशी जाताना स्वतःच्या मनगटावरचं काढून अण्णांना देऊन गेला होता. बाबांनी ते कपाटात ठेवलं, लग्नकार्याशिवाय बाहेर म्हणून काढलं नाही. तरी नातेवाइकांत त्याचा असा बोलबाला, की थोरल्या जावयाचं घड्याळ म्हणजे आमच्या घराची इज्जतच होऊन बसली.

मावशीचं लग्न ठरलं, तारीख एकाहत्तरच्या डिसेंबरातली. मुलगा श्रीरंग, अण्णांच्याच कारखान्यात टर्नर. अण्णांची झोप उडाली. असं घड्याळ दुसऱ्यांदा कुठून आणायचं? आणि साधं दिलं तर मांडवात दोन्ही जावई शेजारी बसणार, सगळे बघणार. मावशी आईच्या गळ्यात पडून रडली. "माझं काही का होईना, माझ्यापायी अण्णांची मान खाली नको जायले." रडणं हा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून आईही घाबरली.

शेवटी अण्णा मावशीला घेऊन शहरात फुहाऱ्याजवळच्या बाजारातल्या घड्याळवाल्याकडे गेले. त्याने एक डबी उघडली. "खानदान वही है बाबूजी. बड़े घर की छोटी बहन समझ लीजिए." त्याच कंपनीने आपल्या मोठ्या नावाला धक्का न लावता साध्या माणसासाठी दुसऱ्या नावाने काढलेलं ते घड्याळ होतं.

"म्हणजे धाकटी पाती," अण्णा म्हणाले.

मावशीच्या कपाळाला आठी पडली. इथेही धाकटं! पण तिने ते हातात घेतलं. तेच पोलादी अंग, तेच पाणी न शिरणारं, आट्यांनी घट्ट बसणारं झाकण. चावीवर खूणसुद्धा थोरल्या घराचीच. आतलं मशीन तेवढं दुसरीकडून घेतलेलं, म्हणून आवाक्यातलं. तिने ते कानाला लावलं आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"घ्या अण्णा. नावात काटकसर केली आहे यांनी, कामात नाही."

लग्नाच्या आतच युद्ध सुरू झालं. कारखान्याचा भोंगा हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवला आणि पाळीचा भोंगा बंद झाला. सगळी वस्ती त्या भोंग्यावर उठायची, जेवायची, झोपायची; ती एकदम वेळेला पारखी झाली. जो तो घड्याळवाल्या माणसाच्या मागे. सुट्ट्याही बंद होत्या. नवरदेवाला कशीबशी सकाळ मोकळी मिळाली, दुपारच्या पाळीला हजर राहायचं होतं.

अण्णांनी आहेराचं घड्याळ स्वतः नवरदेवाच्या मनगटावर बांधलं आणि पंगत बसली. आमच्याकडे नव्या जावयाने पंगतीत रुसायचं असतं. तो हात आखडून बसतो, मग सासरा विनवतो आणि काहीतरी कबूल करतो, तेव्हा कुठे पहिला घास. श्रीरंगराव घासाला हातच लावेनात. घड्याळाकडे बघायचे, मांडवाच्या दाराकडे बघायचे, परत घड्याळाकडे. शेजारी माझे बाबा, कपाटातलं घड्याळ मिरवत.

नवरदेवाच्या काकांना, गुणवंतरावांना, जोर चढला. "पोरगा काहून जेवून नाही राहिला, समजलं नाही का? थोरल्याले थोरलं अन् धाकट्याले धाकटं!"

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी भरल्या पंगतीत हात जोडले. नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या मावशीला वाटलं, पानावरून उठावं आणि सरळ क्वार्टरचं दार लावून घ्यावं.

"अहो अण्णा, हात काहून जोडता?" श्रीरंगराव गडबडले. "मी रुसलो नाही जी! भोंगा बंद आहे न. इतके दिवस याले त्याले टाइम विचारत गेटवर धावून राहिलो होतो. आज टाइम माझ्या हातात आहे, तर पाहून राहिलो, जेवण होते का तसंच निघा लागते."

"पण हे तर धाकट्या पातीचं..." काका अजून सोडेनात.

"मी बी धाकटाच आहो काका. सदऱ्यापासून सायकलीपर्यंत सगळं दादाचं उतरलेलं वापरलं. हे कोणाच्या हातातून उतरून नाही आलं. माझ्याचसाठी आलं."

बाबांनी हळूच बाही खाली ओढून घेतली.

मावशी म्हणायची, अंतरपाट सरला तेव्हा माझं लग्न लोकांच्या हिशेबाने लागलं, माझ्या हिशेबाने ते या बोलण्याला लागलं. सासरची बाईमाणसं समोर असताना तिने नवऱ्याचं मनगट आपल्याकडे वळवलं, वेळ पाहिली आणि पहिला घास स्वतः त्यांच्या तोंडाशी नेला.

"जेवा सावकाश," ती म्हणाली, "अजून वेळ आहे आपल्याकडे."