एका जुन्या कार्डासाठी कारंजा ते इंझोरी

मूर्तिजापूरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि माझ्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक मेलेलं कार्ड होतं. कार्ड म्हणजे वहीच्या पुठ्ठ्याएवढी हिरवी पाटी. तिच्यावर ओळीनं सोळा काळ्या डब्या. या डब्यांना रिले म्हणतात. वरून हुकूम आला की रिले आतल्या आत जोडला जातो आणि दूरवरची एक झडप उघडते. माझ्या कार्डावरच्या सोळांपैकी पाच जळाल्या होत्या.

नाशिककडच्या एका लहान शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी यंत्रणांची देखभाल करते. पाणी गाळणाऱ्या टाक्यांच्या झडपा कुठल्या क्रमानं उघडायच्या आणि मिटायच्या, हे आमच्याकडे तीसेक वर्षांचा एक कंट्रोलर ठरवतो. तो बनवणाऱ्यांनी तो बनवणं कधीच सोडून दिलं आहे. एका मोटारीची वायर जळाली आणि तिच्याबरोबर आमचं कार्ड गेलं. तेव्हापासून नऊ दिवस ऑपरेटर लोखंडी चाकं हातानं फिरवून झडपा उघडत होते. त्यांच्यातले शिंदेकाका निवृत्तीला आलेले. त्यांना उजवा हात वर करून केस विंचरता येईनात. एका पहाटे झडपांचा क्रम चुकला आणि निम्म्या शहराच्या नळांना गढूळ पाणी गेलं. त्या दिवशी फोन घ्यायची मला भीती वाटत होती.

नवी यंत्रणा मंजूर झाली आहे, पण कागदावर. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांनी हात वर केले. मग ओळखीच्या एका निवृत्त फिटरचा निरोप आला: कारंजा लाडच्या, सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हाच कंट्रोलर होता, कारखाना बंद पडला, माल भंगारात गेला असेल, जाऊन बघा. एवढ्या धाग्यावर मी निघाले.

मूर्तिजापूरहून कारंज्याच्या एसटीत खिडकी मिळाली. चैत्राचं ऊन सकाळीच चटके देत होतं. शेतं मोकळी झाली होती, पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग बांधाला लागले होते. कारंज्याच्या स्टँडवर एका गाड्यापाशी आलूबोंडा खाल्ला. तो फोडून त्यावर लाल तर्री ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. गाडेवाल्यानं न विचारता दह्याचा चमचा वर घातला आणि म्हणाला, “बाहेरच्या दिसता. कोणाकडं आल्या?”

“भंगारवाल्याकडं,” मी म्हणाले.

त्याला त्यात काही नवल वाटलं नाही. यासीनभाईंचं दुकान धान्यबाजाराच्या मागं असल्याचं त्यानं हातातल्या झाऱ्यानंच दाखवलं.

यासीनभाई साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. कार्ड त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, उजेडाकडे धरलं.

“हे तर आपल्या जिनिंगचंच दिसते. तिथला सारा लोखंड म्याच उचलला. पण ताई, तुमी दोन वर्स लेट आल्या.”

“सगळं तोडलं?”

“तोडाले निघालतो. पण त्या पॅनेलचा पत्रा लय जाड. इंझोरीची मंदाबाई भाजी घेऊन येते बाजारात, तिले विहिरीवरच्या स्टार्टरसाठी पेटी पायजे होती. तिनं आख्खी पेटी नेल्ली, आतल्या सामानासकट. म्या म्हटलं, ने बाई.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “इतल्या दुरून यासाठीच आल्या तुमी? तुमचं काम मोठं असन.”

मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि मंदाताईंच्या मळ्याची खूण कागदावर काढून दिली.

रामनवमी तोंडावर आली होती. मानोऱ्याकडे जाणारी एसटी पोहरादेवीच्या भाविकांनी भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. कार्ड चेपू नये म्हणून मी पिशवी डोक्यावर धरून उभी राहिले. इंझोरी आली तेव्हा दारापर्यंत पोचणं अशक्य होतं. मी ओरडले, कंडक्टर ओरडला, बस मात्र पुढं निघून गेली. उतरले ती दोन-अडीच किलोमीटर पुढं, भर दुपारी. परत चालत येताना चपलेचा अंगठा तुटला. रुमालानं बांधून तशीच चालत राहिले.

मळा सापडला. विहिरीच्या काठावर ती राखाडी पेटी उभी होती, आमच्या केंद्रातल्या पेटीची जुळी बहीण. मला अगदी भरून आलं. मंदाताई सांभार (कोथिंबीर) उपटत होत्या. त्यांनी काही न विचारता आधी तांब्याभर पाणी दिलं आणि मग पेटीचं दार उघडून दाखवलं. आत पंपाचा स्टार्टर होता. कार्डं बसवायचे खण रिकामे होते.

“आतल्या हिरव्या पाट्या कुठं गेल्या?”

त्यांनी टमाट्याच्या वाफ्याकडे बोट केलं. “त्या काय टांगल्या. पाखरं टमाट्याले चोची मारून राह्यली होती. या चमकतात ना, तर येत नाई जवळ.”

वाफ्यावर तार ताणली होती. तारेला चार कार्डं सुतळीनं लटकत होती आणि वाऱ्यानं गिरक्या घेत होती. दोन पावसाळे त्यांच्यावरून गेले होते. एकावर पाखराची शीटही होती. मी बांधावर बसले. कोणावर रागवावं असं काही नव्हतंच तिथं. बाईनं आपलं पीक राखलं होतं.

“काहून, काय झालं?” त्या शेजारी येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं: झडपा, शिंदेकाकांचा खांदा, गढूळ पाणी. त्या ऐकत राहिल्या. “लहान लेकरंबाळं पेत असतील ना ते पाणी,” एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. विळ्यानं चारही सुतळ्या कापल्या, कार्डं पदरानं पुसली, माझ्या मांडीवर ठेवली.

“आणि तुमची पाखरं?”

“पाखराचं मी पाह्यते. घरात जुनी थाटं (ताटं) हायेत, ते टांगते.”

मग त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. जेवताना त्यांना आठवलं. “हा स्टार्टर बसवाले कारंज्याचे हबीब मिस्त्री आलते. ते त्याच जिनिंगात लायनीचं (विजेचं) काम पाहत. या पाट्या टांगलेल्या पाहून मले म्हणे, बाई, हे टांगू नको. काहून ते काही सांगतलं नाई, अन् म्याही ऐकलं नाई. त्यायले भेटा तुमी.”

भाजीच्या टेम्पोतून मंदाताईंच्या यजमानांनी मला कारंज्याला सोडलं. सांभार आणि पालकाच्या जुड्यांमध्ये मी पाच कार्डं घेऊन बसले होते.

हबीब मिस्त्रींचं घर जुन्या पेठेत आहे. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. मिस्त्री पलंगावर बसून पंख्याची कॉइल गुंडाळत होते. हात थरथरत होते, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला वेळ लागत होता. मी कार्डं समोर ठेवली. त्यांनी एका कार्डाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. तिथं खिळ्यानं कोरलेला चाराचा आकडा होता. “हे म्याच लिवलं होतं. चौथ्या खणाचं हाय.”

माझं कार्ड त्यांनी पाहिलं. “पूर्ण कार्ड कायले पायजे तुले, बेटा? पाच रिले पायजेत फक्त. रिले बंद डबीतला असते, पाणी आत जात नाई. यातले काही जिते असतील. पण आता नको, सकाळी उजेडात करू. तू इथंच राह्य.” त्यांच्या सुनेनं माझी पिशवी केव्हाच आत नेली होती. तुटलेल्या चपलेचा अंगठाही तिनंच शिवून दिला.

सकाळी ओसरीवर चटई टाकली. मिस्त्रींनी स्पिरिट आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं कार्डं धुवायला लावली. मग टॉर्चची बॅटरी, दोन वायरी आणि एक इवला दिवा घेऊन आम्ही एकेक रिले तपासू लागलो. दिवा लागला तर रिले जिवंत. चार कार्डांतून नऊ रिले निघाले. मी ते दोनदा मोजले.

“आता तू कर,” त्यांनी सोल्डरिंगची गन माझ्याकडे दिली. “माह्या हातानं टाका बसत नाई आता.”

मी खरं ते सांगितलं. कॉलेज सोडल्यापासून मी गन हातात धरली नव्हती.

“मंग इतके वर्स काय केलं?”

“खराब कार्ड काढायचं, नवं बसवायचं.”

“अन् नवं नाई भेटलं तर?”

मी गन हातात घेतली. ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. गन कशी धरायची, रिलेच्या पायावर किती टेकवायची, कधी उचलायची, शांतपणे सांगत गेले. पहिला रिले काढताना मी त्याचे पाय जाळले. दुसऱ्याचाही एक पाय तुटला. त्यांनी तिसरा समोर सरकवला. “घाई नको करू. तो कुठं पळून नाई जाऊन राह्यला.” तिसरा नीट निघाला. पाचवा बसवून होईपर्यंत दुपार झाली. मान आखडली होती आणि बोटाला फोड आला होता.

चहा घेताना मी विचारलं, मंदाताईंना तुम्ही ही कार्डं टांगू नका का म्हणालात?

त्यांनी कप खाली ठेवला. “लोक म्हणतात मशीन बंद पडलं. मशीन नव्हतं बंद पडलं, बेटा. कारखाना बंद पडला. शेवटल्या दिवशी म्या ते माह्या हातानं बंद केलं. चालू असलेलं बंद केलं. मालकाले म्हटलं होतं, हे मले द्या. तेव्हालोक (तोपर्यंत) सौदा झालता.” एवढं बोलून त्यांनी पुन्हा कॉइल हातात घेतली.

परतीच्या प्रवासात कार्ड मांडीवरच ठेवलं. झोप लागेना. मी केलेल्या टाक्यांवर माझाच विश्वास नव्हता.

केंद्रात पोचल्या पोचल्या कार्ड खणात सरकवलं. शिंदेकाका मागं उभे होते. पाचांपैकी चार रिले चालले. एक चालला नाही, टाका कच्चा राहिला असावा. पण कार्डावरचे दोन चांगले रिले बिनवापराचे होते. न चाललेल्या रिलेच्या झडपेची वायर मी त्यांतल्या एकावर हलवली. काही वेळानं टाकी धुवायची पाळी आली आणि झडपा एकामागून एक आपल्या आपण उघडू लागल्या. शिंदेकाका चाकाशेजारच्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

ही सोय कायमची नाही, हे मला कळतं. उद्या नवी यंत्रणा येईल, ही पेटीही कुणाच्या तरी विहिरीवर जाईल आणि ती तिथंही उपयोगी पडेल. पण आमच्या भांडारात ‘निकामी’ म्हणून बांधून ठेवलेल्या कार्डांचा एक खोका आहे. गेल्या आठवड्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्यातलं एक उघडते. अर्ध्याहून अधिक कार्डं दुरुस्त होण्यासारखी आहेत. ती निकामी ठरवली होती मीच.

कार्ड चालू झालं त्या दिवशी संध्याकाळी मी हबीब मिस्त्रींना फोन केला. चार चालले, एक नाही, असं सांगितलं. शाबासकी वगैरे काही त्यांनी दिली नाही.

“फोन पेटीजवळ धर,” म्हणाले.

मी धरला. कार्डावरचे रिले एकेक करून खट्‍ खट्‍ वाजत होते. झडपांची एक फेरी पुरी होईपर्यंत मी फोन तसाच धरला. मग कानाला लावला.

“चालू हाय,” ते म्हणाले. “ठेव आता.”