आधी ओरडून घ्यायचं

"या अल्ला! मेले! खांदा तुटला!" वारज्याच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवरून चाचींनी अशी आरोळी ठोकली, की पार लांब धायरीतली कुत्री दचकली असतील.

"चाची, मी अजून हातसुद्धा लावलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. आता लावा."

चाचींचं बुधवार पेठेत बांगड्यांचं दुकान. आखडलेला हात वर जाईना, आणि लग्नाचे हिरवे चुडे नेमके सगळ्यात वरच्या फळीवर. बांगडी चढवताना चाळीस वर्षं त्या प्रत्येक नवरीला सांगत आलेल्या, "आधी ओरडून घे गं. मग हात सैल पडतो." आता तेच औषध स्वतःला. ओरडून झालं, की डॉक्टरीणबाई खांदा पिळायच्या आणि चाची खुशाल गप्पा मारायच्या. माझ्या दुखऱ्या कंबरेनंही तो धडा घेतला. मी रिक्षात बसायच्या आधी ओरडायचो. दोन रिक्षावाले पळून गेले.

विसाव्या दिवशी चाचींचा हात कानाच्या वर गेला. छताच्या पंख्याला टेकला, असं मी शपथेवर सांगतो. सगळ्या खाटांवरून टाळ्या पडल्या. चाची डोळे पुसत हसत होत्या.

"आता दुखत नाही ना?" मी विचारलं.

"दुखतो की. पण आता पुन्हा माझाच हात आहे."