वासंतीचं गाणं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो.

आज सकाळी बागेत कॉलेजची मुलं गाण्याचा व्हिडिओ करत होती. भाजीच्या हातगाडीवर उशी, उशीवर मोबाईल. "हसू नकोस गं, गाडी हलते!" ढकलणारा ओरडत होता. संपल्यावर मोबाईल सांभाळणाऱ्या मुलीने आधी घाईघाईने तपासून पाहिलं. "आलंय रे सगळं!" तिचा सुटलेला श्वास मला बाकावर ऐकू आला.

मी शिकवत होतो त्या कॉलेजात एकच कॅमेरा होता, तोही माझ्या ताब्यात. वासंतीने मैत्रिणींना घेऊन स्पर्धेसाठी दिवसभर एक गाणं चित्रित केलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा निरोपसमारंभ होता. त्याच्या चित्रीकरणासाठी कोरी कॅसेट मिळेना, म्हणून मी हाताला लागली ती न बघता घातली. ती वासंतीची निघाली. गाण्यावर भाषणं चढली. मुली गाण्याचं विचारायला आल्या तेव्हा सगळं लक्षात येऊनही मी वासंतीकडे बोट दाखवून म्हणालो, "कॅसेटवर गाणं नाहीच. हिने बटणच दाबलं नसेल."

"एवढंही जमलं नाही तुला?" मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या.

"दाबलं होतं गं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हळूच, "बहुतेक."

गाणं पुन्हा करता आलं असतं. पण आपल्याच हातांवरचा भरवसा एकदा गेला की तो कुठून आणायचा? तिने पुन्हा कॅमेरा धरला नाही.

पुढे एका लग्नात ती भेटली आणि वाकून पाया पडली. मला म्हणायचं होतं, "वासंती, तू बटण दाबलं होतंस. माफ कर मला."

मी म्हणालो, "सुखी राहा."