चाळीस नंबरचा पेपर

तिसऱ्या वर्षी मला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. पुढची दहा वर्षं मी पोलादपुरात लोकांच्या अंगाखांद्यावर काढली. शाळेत जायचं ते बाबांच्या पाठीवरून, हळदीकुंकवाला काकूच्या कमरेवरून, आणि लग्नकार्यात जो रिकामा दिसेल त्याने उचलायचं. मला कुणी विचारत नसे. "हिला जरा तिकडं ठेव," म्हणत. ठेव! मी काय तांदळाचं पोतं होते? आज साठी जवळ आली, तरी तो शब्द आठवला की डोकं तडकतं.

मामा बोटीवर कामाला होता. मी आठवीत असताना सुट्टीवर आला तेव्हा त्याने भावासाठी चार चाकांची एक फळी आणली. परदेशातली मुलं तिच्यावर उभी राहून रस्त्याने सुसाट जातात म्हणे. माझ्यासाठी त्याने फ्रॉकचं कापड आणलं. ज्याला दोन धड पाय होते त्याला चाकं, आणि मला कापड! भाऊ ओटीवरून दोनदा सणसणीत आपटला आणि त्याने ती फळी खिळ्याला टांगून टाकली. आठ दिवसांनी मी ती आईकडून काढून घेतली.

फळीच्या वरच्या बाजूला काळा, खरखरीत कागद चिकटवलेला होता. त्याच्यावर मांडी घालून बसलं की बूड हलत नसे. हातात लाकडाचे दोन ठोकळे, ठोकळ्यांखाली टायरचे तुकडे. त्यांनीच रेटायचं, त्यांनीच थांबवायचं. त्या कागदाने माझे दोन परकर फाडले आणि आईने शिव्या घातल्या. मला फिकीर नव्हती. पंधरा दिवसांत मी एकटी शाळेत जाऊ लागले. बाजारातून, सगळ्यांच्या देखत, कुणाचा हात न लागता.

हेडमास्तरांनी अट घातली होती. "एकदा जरी पडलीस, तरी ही गाडी फाटकाच्या आत यायची नाही." दोन पायांची मुलं रोज पडत, गुडघे फोडून घेत. त्यांच्या पायांना फाटकाबाहेर ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही.

बाबा सुतार. त्यांच्या हाताखालून गेलेल्या दारावर माशी बसली तरी घसरेल, असं लोक म्हणत. माझ्या गाडीबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. लोकांच्या नजरा त्यांना झोंबत असाव्यात. खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी करवत, रंधा, पटाशी, सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. सकाळी उठून पाहते, तर हत्यारांच्या मधोमध माझी गाडी, झेंडूची माळ घातलेली.

आणि वरचा कागद गायब.

बाबांनी तो खरवडून काढला होता. फळीवर रंधा मारला होता, पॉलिशचे दोन हात दिले होते. लाकूड आरशासारखं चकाकत होतं. "सुताराच्या घरात असली खरबरीत फळी बरी दिसत नाय," ते म्हणाले. तोंडभर हसत होते. गाडीबद्दल त्यांनी असं हसून बोलणं हे पहिल्यांदाच, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरली. स्टँडकडून शाळेच्या फाटकापर्यंत उतार आहे. तळाशी मी ठोकळे टेकले. गाडी थांबली, मी थांबले नाही. त्या गुळगुळीत फळीवरून सरळ पुढे घसरले आणि हेडमास्तरांच्या पायांशी हनुवटीवर पडले. पोरं हसली. शिपायाने मला उचललं. गाडी फाटकाबाहेर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी परत बाबांच्या पाठीवर.

घरी मी आकांत केला. "माझा कागद द्या! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"देवाच्या दिवशी हत्यार साफ करायला विचारायचं काय?" बाबा म्हणाले. "पॉलिश पेपर लाकडावर घासायचा असतो गो, चिकटवायचा नसतो. लोक हसतील मला."

लोक त्यांना हसतील! हनुवटीला टाके माझ्या होते.

दीड महिना मी त्यांच्या पाठीवर बसून शाळेत गेले आणि वाटेत एक शब्द बोलले नाही. मग त्यांच्याच पेटीतून साठ नंबरचा पॉलिश पेपर चोरला आणि सुतारकामाच्या सरसाने फळीवर चिकटवला. सकाळच्या दवात ओला होऊन दुसऱ्या दिवशी कोपरे वर आले. तो सोलला, फळी खरवडली, पुन्हा चिकटवला. पुन्हा निघाला. शेवटी भावाला सायकलवाल्याकडे पाठवून पंक्चरचं सोल्युशन मागवलं. सायकलवाल्याने निरोप दिला होता: "दोन्हीकडं लाव, बोटाला चिकटायचं थांबलं का मगच बसव." तसंच केलं. एका टोकापासून लाटण्याने दाबत गेले, फुगा राहू दिला नाही.

बाहेर आलेल्या कडा कापायच्या होत्या. घरात चाकू होता, विळी होती. मी मुद्दाम बाबांच्या रंध्याचं पातं काढलं. ज्याने माझी फळी गुळगुळीत केली तेच. पॉलिश पेपर कापला की पात्याची धार मरते, हे सुताराच्या पोरीला कळत नाही का? चांगलं कळत होतं. चारी बाजूंनी सावकाश कापलं.

बाबांनी आल्यावर पातं पाहिलं. मी मार खायची तयारी करून बसले होते. ते संध्याकाळभर दगडावर पातं घासत बसले.

गाडी पुन्हा आत घेण्याआधी हेडमास्तरांनी मला तो उतार सगळ्या शाळेसमोर तीनदा उतरायला लावला, सर्कशीतल्या अस्वलासारखं. तीनदा उतरले. तिन्ही वेळा गाडी थांबली तिथे मी थांबले. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत मला कुणी उचललं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी पहाटेच गाडीवर जाऊन बसले. बाबा हळदकुंकवाचं ताट घेऊन आले. "उठ गो, पूजा करायची हाय."

"नाय उठणार. मी बसलेली असताना करा."

त्यांनी खाली वाकून चारी चाकांना कुंकू लावलं. माझ्या गुडघ्याशेजारच्या कागदावर अंगठा फिरवला. उतारावर रोज घासून तो जागोजागी पांढरा पडला होता.

"कितीचा लावलायस?"

"साठ."

"साठ पावसात धरत नाय. चाळीस लाव."

चाळीस नंबर म्हणजे साठहूनही खरबरीत; आकडा जितका कमी, तितका कागद खरबरीत. दोन दिवसांनी महाडच्या दुकानातून त्याचे चार ताव आणून त्यांनी माझ्या दप्तरावर ठेवले आणि कामाला निघून गेले. 'चुकलो' हा शब्द ते मरेपर्यंत बोलले नाहीत. मला तोच हवा होता, अजूनही हवा आहे. तो मिळाला नाही. चाळीस नंबर मिळाला, तो मी लावला.