सबमर्सिबलची केबल डोलकाठीवर

आधीच सांगून टाकते, मागून कुणी म्हणायला नको की बाई फुशारकी मारते. हो, मारते! तापीच्या पात्रात माझ्या वडिलांची नाव चालायची. तिच्या डोलकाठीवर मी चढवलेली वायर दहा पावसाळे टिकली आणि वरचा दिवा एकदाही विझला नाही. पटत नसेल त्याने शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन म्हाताऱ्या बायांना विचारावं. आता खरं ते सगळंच सांगायचं, तर त्याआधी मीच घातलेली वायर दीड महिनासुद्धा टिकली नव्हती. तेही सांगते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावला आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केलेला. वर्गात मी एकटी मुलगी. पोरं विचारायची, "साडी नेसून खांबावर चढणार का?" मी म्हणायची, "तुम्ही पँट घालून चढा, मग बघू कोण आधी पोचतं." लग्न होऊन धुळ्याला आले आणि तिथे मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला लागले. सासरी कुरकुर झाली, मी ऐकली नाही. माझा स्वभावच तसा, नाकावर राग.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही पिढीजात नावाडी. आबांच्या नावेला मधोमध लाकडाची उंच डोलकाठी होती, वारा असला की तिच्यावर शीड चढायचं, नसला की वल्ही. गावातल्या वीस-बावीस बाया रोज सकाळी नदीपलीकडे कापूस वेचायला, मिरची तोडायला जायच्या आणि दिवस मावळल्यावर आबा त्यांना परत आणायचे. त्या वर्षी अंधार पडता पडता दुसऱ्या एका घाटावर दोन नावांची टक्कर झाली. माणसं वाचली, पण तालुक्याहून हुकूम आला: डोलकाठीच्या टोकाला लांबून दिसेल असा दिवा हवा, नाहीतर सूर्यास्तानंतर नाव बंद.

नाव बंद म्हणजे काय, हे कागद काढणाऱ्याला काय ठाऊक! शेतमालक दिवस मावळेपर्यंत सोडायचे नाहीत. नाव नसली तर बायांनी पुलापर्यंत चालत जाऊन वळसा घालून यायचं, घरी पोचेतो लेकरं उपाशी झोपलेली. नाहीतर कामच सोडायचं.

मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते. बाकीच्या माहेरवाशिणी झोके खेळत होत्या, गाणी म्हणत होत्या आणि मी पदर खोचून नदीकाठी. तापीचं पाणी उतरलेलं, नाव वाळूत ओढून ठेवलेली, डोलकाठी काढून आडवी केलेली. डांबर देण्याचे दिवस. मी धुळ्याहून येतानाच वायर आणली होती. चांगली जाड, एकाच तारेची, तांब्याची. घराच्या मेन लाइनला घालतात ती. आपल्या खानदेशात एक खूळ आहे, जे जाड ते टिकाऊ. पंपाची वायर घेतानाही माणूस आधी चिमटीत धरून जाडी बघतो. मी आयटीआय शिकलेली, पण खूळ तेच.

आमच्यात डोलकाठीला खिळा मारत नाहीत. तिला घरातल्या थोरल्याचा मान, तिची पूजा होते. म्हणून वायर सुतळीने जागोजागी आवळून बांधली, वर ट्रकच्या इंडिकेटरचा बल्ब बसवला, खाली जुनी बॅटरी जोडली. दिवा लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. आबा शेजारी उभे होते, बोटाने वायर चाचपत. काही बोलले नाहीत. मला वाटलं, कौतुक वाटतंय.

पावसाळ्यात पुरामुळे नाव बंदच असते. गणपती उठल्यावर ती पाण्यात गेली. पहिले काही आठवडे दिवा छान चालला, मग लुकलुकायला लागला. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ऐन पात्रात, बाया बसलेल्या असताना विझला तो विझलाच. दुसऱ्या दिवशी तलाठी आले आणि संध्याकाळची खेप बंद करून गेले. बाया पुलावरून चालायला लागल्या. मला निरोप मिळाला तो असा: "तुझ्या वायरीने आमच्या पायाचे तुकडे पडले." वर कुणीतरी जोडलेलं, वायरमनच्याच घरी अंधार!

मिळेल ती एसटी धरून मी गावी गेले. डोलकाठी उतरवली, वायर सोडली. वरून प्लास्टिक धडधाकट, आत तांबं तुटलेलं. एका जागी नाही, तीन जागी, आणि तिन्ही ठिकाणी सुतळीच्या गाठीजवळच. घराची भिंत हलत नाही, नाव एक क्षण स्थिर राहत नाही. काठी डुलली की जाड तार गाठीशी थोडी वाकणार, पुन्हा सरळ होणार, दिवसभर तेच. कोणतीही तार तुटेल. एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही!

आबा शेजारी बसून दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "दोरले देख. एकच जाडा धागाना दोर कोन वयस?"

म्हणजे कुणी एका जाड धाग्याचा दोर वळतं का? मी विचारलं, "आबा, हे तुम्हाला आधी समजलं होतं?"

"माले पयलाच दिन समजनं व्हतं."

"मंग सांगं का नही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू शिकेल शेस, बेटा. मी अडाणी. मी काय बोलू?"

अहो, काय राग आला मला! तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं नदीवर काढलेला माणूस, गाठ आणि ताण ज्याच्या हातात मुरलेले, तो माझ्या सर्टिफिकेटला भिऊन गप्प बसला. आणि त्या गप्प बसण्यापायी बावीस बाया अंधारात चालत होत्या. मी खूप बोलले. त्यांनाही बोलले, स्वतःलाही बोलले. मग मीच म्हणाले, "उठा, टोपी घाला. आता वायर आपण दोघांनी निवडायची."

धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी घरच्या वायरीच पुढे केल्या. मी एकेक तुकडा एकाच जागी उलटसुलट वाकवत बसले. अॅल्युमिनियम तर लगेच गेलं. एका तारेचं तांबं थोडं जास्त टिकलं, मग तेही कटकन तुटलं. घंटीची बारीक वायर तुटेना, पण तिच्यातून एवढ्या उंचीवर बॅटरीचा करंट जाईतो दिवा काजव्याएवढा होणार. तुकड्यांचा ढीग बघून दुकानदार वैतागला. "ताई, घ्यायचं आहे की नुसतं मोडायचं आहे?"

आबा मात्र दुकानात हिंडत होते. कोपऱ्यात एक चपटं वेटोळं पडलं होतं. त्याचं टोक त्यांनी हातात घेतलं, डोळे मिटून बोटांतून सरकवलं. त्याची गाठ मारली, सोडली. मग मला बोलावलं. "आत काय शे, दखाड."

ती बोअरमधल्या सबमर्सिबल पंपाची केबल होती. मी टोक सोलून दाखवलं. आत तीन वायरी, आणि प्रत्येकीत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा, पीळ दिलेला. आबांनी तो पीळ उलगडला आणि पहिल्यांदा हसले. "हाऊ दोर शे."

दुकानदार म्हणाला, "बाबा, ही विहिरीत सोडायची असते. खांबावर नाही चढवत."

मी म्हटलं, "पाण्याखाली चालते ना? मग पाण्यावर चालायला तिला काय धाड भरलीय!"

चपटी असल्यामुळे ती काठीला चिकटून बसणार होती, वाऱ्याने आपटणार नव्हती. दोन वायरी दिव्याला पुरत होत्या. तिसरीचं काय, असं मी विचारलं तर आबा म्हणाले, "आडीअडचनले राहू दे." भीती होती ती फक्त उन्हाची. आपल्याकडचं ऊन कुठलंही प्लास्टिक फोडतं. म्हणून घरी आल्यावर जुन्या शिडाच्या पट्ट्या फाडून केबलला वरपासून खालपर्यंत गुंडाळल्या आणि वर डांबराचा हात दिला.

जोड मी दिले, कथील ओतून, एकही तार बाहेर न ठेवता. गाठी आबांनी मारल्या. सुतळी त्यांनी फेकून दिली आणि रुंद सुती पट्टा घेतला, म्हणजे केबल एका जागी कापली जाणार नाही. काठीच्या बुडाशी केबल ताणून न धरता सैल वळसा ठेवला, ही अक्कलही त्यांचीच. फक्त शेवटची, खालची गाठ मी हौसेने मारली.

तलाठी दिवस मावळताना आले. पलीकडच्या काठावर बाया थांबलेल्या, त्यांना कळवलं होतं. आबांनी शीड चढवलं, मी दिवा लावला. तलाठी नावेत बसले खरे, पण दोन्ही हातांनी फळी धरून. मधल्या धारेत आबांनी मुद्दाम नाव अशी आडवी घातली की साहेब पांढरे पडले. "पुरे, पुरे! दिसला दिवा!" वर बल्ब डुलत होता आणि लखलखीत जळत होता. पलीकडून बायांनी जो गलका केला, तो अजून कानात आहे. बावीसच्या बावीस जणी नावेत बसून घरी आल्या. अलीकडच्या काठावर तलाठ्यांनी कागद काढून विचारलं, वायरिंग कोणाचं? मी सही केली, झोकात, पूर्ण नाव लिहून.

सगळे गेले. काठावर आम्ही दोघंच उरलो. आबांनी डोलकाठीला दोन्ही हात घातले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती गदागदा हलवली. दिवा वर डुलला, पण लुकलुकला नाही. मी वाट बघत होते. आता तरी शाबासकी देतील, पाठीवर हात ठेवतील.

आबा खाली वाकले, काठीच्या बुडाशी चाचपलं आणि खेकसले, "हाई गाठ ढिली शे! कोनी शिकाडं तुले? सोड आनि परत बांध."

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या कामावरून मला बोलले होते. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. मी तिथेच बसले, गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. त्यांनी ती ओढून पाहिली, आणखी आवळायची खूण केली.

"आखो घट्ट," म्हणाले.